विहिरीकडची बाजू

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, माती फार आवडते. फक्त ती बुटाला लागलेली चालत नाही. साइटवरून आले की ते ऑफिसच्या दारात एका पायावर उभे राहतात आणि जुन्या टूथब्रशने बुटांचे तळवे खरवडतात. खरवडता खरवडता आत बसलेल्या आम्हाला सांगतात की माणसाची मातीशी असलेली नाळ तुटली आहे. मग ब्रश धुतात, हात धुतात, रुमालाने बोटं एकेक करून पुसतात आणि खुर्चीत बसून उरलेली नाळ जोडायला घेतात.

भाऊजी आर्किटेक्ट आहेत. त्यांच्या ऑफिसात नकाशे काढायचं काम मी करते, म्हणजे माझं त्यांच्याशी नातंही आहे आणि नोकरीही. माणसाबद्दलचं मत बिघडायला यातलं कुठलंही एक पुरेसं असतं. माझ्या वाट्याला दोन्ही आलं, त्यामुळे माझं मत पार कामातून गेलेलं आहे. ते सुधारायचा प्रयत्न मी करत नाही आणि तुम्हीही करू नका.

त्यांचा जन्म वीज कंपनीच्या क्वार्टर्समधल्या दुसऱ्या मजल्यावरचा. वडील मीटरच्या खात्यात साहेब. लहानपणी ते जिन्यात खेळले, गच्चीवर अभ्यास केला आणि पाणी म्हणजे नळ फिरवला की येतं ती वस्तू, एवढीच त्यांची पाण्याशी ओळख. यात त्यांचा काही दोष नाही. दोष पुढे सुरू होतो. कॉलेजात कुणीतरी त्यांना खेड्यातल्या घरांचे फोटो दाखवले, आणि तेव्हापासून या माणसाला ज्या घरात कधी राहावं लागलं नाही त्या घराची आठवण येऊ लागली.

ताई शहरात औषधनिर्माण शिकायला गेली होती. तिथे दोघांची ओळख झाली. लग्नाचं बोलायला ते आमच्या घरी आले तेव्हा मी शाळेत होते. आमचं घर डोंगराच्या उतारावर, दगडमातीचं, कौलारू. भाऊजींनी आत पाऊल टाकलं आणि दाराच्या चौकटीवर असं कपाळ आपटलं की आतल्या खोलीत आईला ऐकू गेलं. आम्हाला वाटलं, आता हा शिव्या घालणार. पण हे कपाळ चोळत तिथेच उभे राहिले आणि भारावल्या आवाजात म्हणाले, "नमून आत यावं लागतं! केवढा अर्थ आहे यात."

बाबांनी दुसरीकडे पाहिलं. सुताराने चौकटीचे खांब आखूड कापले आणि त्यानंतर तो पुन्हा तोंड दाखवायला आला नाही, एवढाच त्यात अर्थ होता. पण होणाऱ्या जावयासमोर बाबा कसले बोलतायत. 

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी पिशवीतून मोजपट्टी काढली. लग्न ठरवायला आलेला माणूस सासुरवाडीची मापं घेतोय हे दृश्य आमच्या शेजारपाजाऱ्यांनी कुंपणावरून मान उंच करून पाहिलं. त्यांनी भिंतींची जाडी मोजली, खिडकीची उंची मोजली, चुलीचा नकाशा काढायचा म्हणून आईला दुपारपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. भिंतीतल्या कोनाड्याकडे बोट दाखवून तिला विचारलं, "यात काय ठेवायची पद्धत आहे?"

"हाताला येईल ते," आई म्हणाली.

ते त्यांनी लिहून घेतलं.

आणि मग ते मागच्या अंगणात गेले. तिथे एक दगडी भिंत होती, माझ्या तेव्हाच्या उंचीपेक्षा हातभर उंच. ती घराच्या मागच्या कोपऱ्यापासून सरळ निघायची, अर्ध्या अंगणात आली की एकदम आमच्या बाजूला वळायची, विहिरीला बाहेरून वळसा घालायची आणि पुन्हा आपल्या जुन्या रेषेवर जाऊन उताराला खाली उतरायची. म्हणजे विहीर भिंतीच्या पलीकडे. पलीकडे काका राहायचे, बाबांचे धाकटे भाऊ. भाऊजी त्या वळणासमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी त्याची सात-आठ चित्रं काढली. वारा उतारावरून कसा येतो, वळणाला आपटून कसा गार होतो, याचे बाण काढले.

मी त्यांना म्हटलं, "ती भांडणाची भिंत आहे. बाबांचं आणि काकांचं भांडण झालं ना, तेव्हाची."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "अगं, माणसांना वाटतं आपण भांडलो. खरं तर जमिनीचा उतारच त्यांच्याकडून बांधून घेत असतो. त्यांना ते कळत नाही, इतकंच."

शाळेतली मुलगी काय बोलणार? पण त्या दिवसापासून या माणसाबद्दल माझं एक पक्कं झालं: याला काही सांगायचं असेल तर भिंतीला सांगावं, निदान ती बाण काढत नाही.

ताईने सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का, कोण जाणे. तिने सांगितलं नाही. घरातली धुणी बाहेर धुवायची तिला सवय नव्हती, आणि त्यांनीही तिला कधी विचारलं नाही. त्या चित्रांतलं एक त्यांनी चौकटीत घालून ऑफिसात भिंतीवर लावलं. शिकून मी तिथे कामाला लागले, माझं टेबल नेमकं त्याच्यासमोर आलं, आणि पुढची वीसेक वर्षं मी मान वर केली की समोर आमचं परसदार.

त्या वीस वर्षांत भाऊजींनी काय केलं? जे सगळे करतात तेच. बँकेचं काउंटर, शाळेचे संडास, एका दातांच्या दवाखान्याची वेटिंग रूम, लोकांच्या बाल्कन्यांना काचा. कामाला ते वाईट नाहीत, उगाच कशाला खोटं बोलू. पण प्रत्येक कामात कुठूनतरी आमचं घर घुसवायचं हे त्यांचं वेड. बँकेच्या काउंटरवर त्यांना मातीचा गिलावा हवा होता. बँकेच्या साहेबांनी विचारलं, "पोपडे पडले तर नोटांवर पडतील ना?" तेव्हा भाऊजी आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. आठवड्यातून एकदा कॉलेजात शिकवायला जायचे आणि तिथल्या पोरापोरींना 'अनामिक खेडूत कारागिराच्या शहाणपणा'वर तासभर ऐकवायचे. तो अनामिक खेडूत कारागीर म्हणजे माझे काका. त्यांचं नाव भाऊजींना चांगलं ठाऊक होतं, पण नाव असलं की कारागीर होत नाही म्हणे, नातेवाईक होतो.

मग बिल्डर आला. शहराबाहेरच्या टेकडीचा एक उतार त्याने घेऊन ठेवला होता आणि तिथे दोनच मजले बांधायची परवानगी होती. ज्या बिल्डरला उंच बांधू देत नाहीत तो परंपरेकडे वळतो, हा या धंद्यातला अनुभव आहे. त्याला काहीतरी खेड्यासारखं हवं होतं. भाऊजींना आयुष्यभर हेच हवं होतं. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले आणि मधल्या मध्ये मी रात्रंदिवस नकाशे काढायला लागले.

घरं जोड्यांनी होती, दोन-दोन घरं खांद्याला खांदा लावून. काँक्रीटचा स्लॅब टाकायचा आणि त्यावर शोभेची कौलं. सिमेंटच्या ब्लॉकची भिंत आणि तिला बाहेरून चिकटवलेले दगडाचे पातळ काप. छताखाली लाकडी तुळया, आतून पोकळ, फायबरच्या. दाराची चौकट मुद्दाम बुटकी, का ते तुम्हाला माहीत आहे. गोठ्याच्या आकाराचं गाडी ठेवायचं छप्पर. टेकडीचा चढ कापायचा नाही म्हणून सरळ रस्ता नाही, सामानाचा टेम्पो अर्ध्यावरच अडकेल अशी वेडीवाकडी पायवाट. आणि प्रत्येक जोडीच्या मागच्या अंगणात ती भिंत, त्याच वळणासकट. वळणाच्या आत गोल दगडी कठड्याची विहीर.

विहीर म्हणजे वरून विहीर. झाकण उचललं की खाली दोन्ही घरांची पाण्याची टाकी आणि पंप. बिल्डर कशाला दोन टाक्या बांधेल? एका घराला पाणी सरळ, दुसऱ्याला भिंतीच्या खालून पाइपने.

"भाऊजी," मी म्हटलं, "एका घराला विहीर आणि दुसऱ्याला नुसती भिंतीची पाठ? घेणारे विचारतील."

"विषमतेतच जिवंतपणा असतो," भाऊजी म्हणाले. "खेड्यात सगळं सारखं असतं का?"

नसतं. हे मात्र त्यांनी अगदी खरं सांगितलं. ती वाकडी भिंत मी कॉम्प्युटरवर एकदा काढली आणि बाकीच्या जोड्यांना एक बटण दाबून चिकटवली. माझ्या आईबापाच्या घरातलं भांडण एका दुपारात अख्ख्या टेकडीवर पसरलं.

बांधून झालं आणि घरं विकली जाईनात. लोक गाड्या घेऊन यायचे, भिंतीला टेकून फोटो काढायचे, "काय शांत आहे हो!" म्हणायचे, आणि शहरात परत जाऊन लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचे. एकदा एका निवृत्त गृहस्थांनी भाऊजींना सरळच विचारलं, "तुम्ही स्वतः कुठे राहता?"

"तिसऱ्या मजल्यावर," मी म्हटलं, कारण भाऊजी एकदम बुटाची माती बघायला लागले.

बिल्डरने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात येऊन बसला. "साहेब, तुम्ही इथे राहायला या. वहिनींना घेऊन या. त्या तर अशाच घरात वाढलेल्या. तुम्ही राहिलात की लोक येतील." हरभऱ्याच्या झाडावर चढायला भाऊजींना शिडी लागत नाही. त्यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. फ्लॅट विकायचा आणि टेकडीवर जायचं.

आता त्या फ्लॅटबद्दल सांगायला हवं. तो दोघांच्या नावावर असला तरी ताईच्या पगारातून उभा राहिलेला. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, दिवसभर काउंटरमागे उभी असते. घरी आली की दार लावते, कुलूप आपोआप कट्ट वाजतं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली हात धरून जरा वेळ उभी राहते. काही धुवायचं नसतं. खिडकीतून समोरच्या इमारतीत कुणाची तरी वाळत घातलेली चादर दिसते. एकदा भाऊजींनी कुरकूर केली की इथून निसर्ग दिसत नाही, तर ती म्हणाली, "ती चादर हलते वाऱ्याने. तेवढा निसर्ग मला पुष्कळ आहे." तिला ते घर जिवापाड आवडतं. तिने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट आहे, आणि भाऊजी ती विकायला निघाले होते. खरं सांगते, त्या दिवशी मला त्यांची किळस आली.

त्यांनी तिला सांगितलं तेव्हा मी तिथेच जेवत होते.

"आपण परत जातोय," भाऊजी म्हणाले.

"कुठे?"

"तुझ्या घरी." आणि त्यांनी सगळं सांगितलं. चेहऱ्यावर असा भाव, जणू तिच्या वाढदिवसाची भेट उघडून दाखवतायत.

ताईने हातातला घास ताटात ठेवला. "मी नाही येणार."

"पहिल्यांदा तसंच वाटेल. पण तुझी मुळं तिथली आहेत."

"अहो, मी तिथून निघून आले. माझी मी, बस पकडून. मला कुणी उपटून आणलं नाही."

"तू एकदा बघ तर," ते म्हणाले. "मी सगळं तसंच ठेवलंय. रविवारी लोक येणार आहेत, तूही ये. बघ, आणि मग सही कर."

त्यांच्या डोक्यात सही ठरलेलीच होती. रविवारच्या आधीच एजंट फ्लॅट बघायला आला, ताईची कपाटं उघडून आत डोकावला, नळ सोडून पाण्याचा जोर पाहिला. ताई दारात उभी राहून बघत होती. तिने मला फोनवर विचारलं, "ते खरंच ऐकणार नाहीत का गं?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग रविवारी जाऊ."

ती भिंतीबद्दल काही बोलली नाही. चित्र तिने ऑफिसात पाहिलेलं होतं. पण कागदावरची भिंत वेगळी आणि अंगणातली वेगळी, हे माझ्याही तेव्हा लक्षात आलं नाही.

रविवारी टेकडीवर खुर्च्या मांडलेल्या. मातीच्या पेल्यांतून चहा, त्यातून चहा पाझरून सगळ्यांच्या कपड्यांवर. बिल्डरने माइक तपासला आणि भाऊजींच्या हातात दिला. भाऊजी बोलू लागले की थांबत नाहीत. उतार, वारा, प्रकाश, अनामिक कारागीर. मग भिंत. वळणाला आपटून वारा कसा गार होतो, हे त्यांनी दोन्ही हातांनी करून दाखवलं. वारा पडलेला होता.

"आणि आता," ते म्हणाले, "ज्या अंगणातून ही भिंत आली, त्याच अंगणात वाढलेली व्यक्ती आज आपल्यात आहे. माझी पत्नी. ये ना, सांग, कसं होतं ते बालपण."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताई उठली, पण माइककडे गेली नाही. ती आधी भिंतीकडे गेली. सरळ भागावरून चालत वळणापाशी आली आणि तिथे थांबली. वळसा घालून पलीकडे गेली, विहिरीच्या कठड्याला हात लावला, परत आली. मी उठून तिच्याजवळ गेले, पण तिने मला हाताने बस म्हटलं आणि माइक घेतला.

गोळ्या कशा घ्यायच्या हे दुकानात गिऱ्हाइकाला सांगते त्याच आवाजात ती बोलली.

"ही भिंत माझ्या काकांनी बांधली. वाटणी सरळ रेषेत झाली होती आणि विहीर आमच्या भागात येत होती. बाबा बाहेरगावी कामाला गेले होते. ते परत येईपर्यंत काकांनी भिंत वळवून घेतली. विहीर पलीकडे गेली. बाबा परत आले, दोन दिवस ओरडले, मग गप्प बसले. त्यांच्यात धमक नव्हती."

कुणीतरी हसलं, मग हसू थांबलं.

"मग पाणी खालच्या ओढ्यावरून आणायचं. उतार तुम्ही बघताच आहात. आई आणू शकत नव्हती, तिला दिवस गेले होते, या माझ्या बहिणीच्या वेळी. म्हणून मी आणायचे. शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. स्वयंपाकघरात उभं राहिलं की पलीकडून काकूच्या रहाटाचा आवाज यायचा. काकू वाईट नव्हती. एकदा तिने भिंतीवरून मला भरलेली कळशी दिली. काकांनी बघितलं. पुन्हा तिने दिली नाही, आणि माझ्याकडे बघायचीही नाही. मी शिकले ती हुशार होते म्हणून नाही. पुन्हा पाणी भरायला लागू नये म्हणून शिकले." तिने माइक दुसऱ्या हातात घेतला. "वारा मात्र गार यायचा की नाही, ते मला आठवत नाही."

बिल्डर खाली बघत होता. मी भाऊजींकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आलेले दिसले. एका क्षणापुरती मला आशा वाटली. वाटलं, इतक्या वर्षांनी हा माणूस काहीतरी ऐकतोय.

भाऊजींनी डोळे पुसले, पुढे होऊन ताईचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "हे तू मला आजवर का नाही सांगितलंस? किती सुंदर आहे हे!"

मग माइक घेऊन ते लोकांकडे वळले. "बघा! मला नुसता आकार दिसला होता. आज त्यातलं आयुष्य दिसलं. मित्रहो, या प्रत्येक भिंतीच्या आतून एक लहान मुलगी पाणी घेऊन चालते आहे."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने तर डोळ्यांना पदर लावला. बिल्डर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हे माहितीपत्रकात घ्यायचं. मुलीचं एक चित्र पण काढून घ्या."

टाळ्या थांबल्यावर पहिला हात वर झाला तो एका डेंटिस्टचा. "यातली विहिरीकडची बाजू कुठली? आम्हाला ती बघायची आहे."

त्यानंतर जे झालं ते बघायला मी पैसे दिले असते. विहिरीकडची बाजू सगळ्यांनाच हवी. ज्या निवृत्त गृहस्थांनी भाऊजींना पेचात पकडलं होतं ते डेंटिस्टशी हमरीतुमरीवर आले. "मी आधी विचारलं होतं!" "विचारलं असेल, हात मी आधी वर केला!" दोघांच्या बायका एकमेकींकडे पाठ करून उभ्या. महिनोन्महिने न हललेली घरं त्या दुपारी हातोहात गेली, पण अर्धीच. विहिरीकडची सगळी संपली. पाठीकडच्या घरांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. ताईने जे सांगितलं त्यातून या शिकल्यासवरल्या माणसांनी एवढंच घेतलं: आपण काकांच्या बाजूला असलं पाहिजे.

ताई माझ्या शेजारी येऊन बसली. भाऊजी फ्लॅटचे कागद घेऊन आले, आनंदाने लाल झालेले. "बघितलंस, तुझ्यामुळे झालं सगळं. आता इथेच सही करून टाक."

"मी सही करणार नाही," ताई म्हणाली.

"आत्ता तू भावनेच्या भरात आहेस."

"नाही. भावनेच्या भरात असते तर लग्नाच्या वेळी मोजपट्टी घेऊन बसलात तेव्हाच बोलले असते. मी आत्ता शांत आहे. फ्लॅट विकायचा नाही. तुम्हाला इथे राहायचं असेल तर राहा."

दुसऱ्या दिवशी एजंट आला तर तिने त्याला दारातूनच परत पाठवलं. कुलूप कट्ट वाजलं. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी ऑफिसात उगाचच सगळ्यांना चहा पाजला.

पण भाऊजींनी चारचौघांत शब्द दिलेला होता आणि बिल्डर तो विसरणाऱ्यातला नव्हता. पाठीकडची घरं ओस पडली होती, त्यातलं एक त्याने भाऊजींना नुसतं राहायला दिलं, म्हणजे शोकेसमध्ये पुतळा ठेवतात तसं. भाऊजींनी चंबूगबाळं आवरलं. ताईने त्यांचे शर्ट इस्त्री करून दिले, रक्तदाबाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ वेगळ्या करून डब्यात भरून दिल्या. त्यांची खात्री होती की आठवड्याभरात ती मागे येईल. ती आली नाही. त्यांनी मला मध्ये घालायचा प्रयत्न केला. "तू समजाव तिला," म्हणाले. मी म्हटलं, "तिला वाटत असेल की आपणच येत नाही. खरं तर उतारच तिला येऊ देत नसेल." त्यांना काही कळलं नाही. मी नकाशा काढत राहिले.

पलीकडच्या घरात डेंटिस्ट राहायला आला. टेकडीवर पाऊस लागला तशी भिंतीखालची भरावाची माती बसली. सरळ भिंत कदाचित तग धरून राहिली असती. वळणाचा भार एका बाजूला येत होता, ते वळण खचलं आणि त्याखालून जाणारी पाण्याची पाइप मोडली. टाकी, पंप, चावी, सगळं डेंटिस्टच्या अंगणात. तो सकाळी फाटकाला कुलूप लावून दवाखान्यात जायचा. पाइप त्याची नव्हती, त्याला काय पडलेलं? भाऊजींचा नळ कोरडा पडला.

हे आम्हाला नंतर कळलं. आम्ही दोघी महिन्याच्या गोळ्या द्यायला म्हणून गेलो होतो. दाराला कडी होती, आत कुणी नाही. पाठीमागे अंगणात उभ्या राहिलो तर पायवाटेवरून भाऊजी चढत येताना दिसले. खाली वॉचमनच्या केबिनला नळ आहे, तिथून. दोन्ही हातांत बादल्या, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, दर चार पावलांवर थांबून श्वास घेत. अर्धं पाणी वाटेत सांडलेलं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. वयस्कर माणूस, धाप लागलेली, मान खाली. मी पुढे होणार होते, पण ताई जागची हलली नाही, म्हणून मीही थांबले.

त्यांनी बादल्या टेकवल्या. कंबर धरून सरळ उभे राहिले. आणि ताईला बघून त्यांचा चेहरा उजळला, अगदी खरोखर. त्या रविवारी लोकांसमोर होता तसा नव्हता. तिथे ऐकायला आम्ही दोघीच होतो.

"आठवडा झाला पाणी भरतोय," ते म्हणाले. "आता कळलं मला. तू काय सोसलंस, ते आता कळलं."

ताईने बादल्यांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे. हाताला वळ उठले होते. तिने पर्समधून मलमाची ट्यूब काढली आणि गोळ्यांच्या डब्यासोबत त्यांच्या हातात ठेवली.

"प्लंबर कधी येतोय?" तिने विचारलं.

"उद्या सकाळी. बिल्डरने नक्की सांगितलंय. का?"

"काही नाही," ताई म्हणाली. "मग अजून नाही कळलं तुम्हाला."

ती चिडलेली नव्हती. रात्रीची गोळी जेवणानंतरच घ्यायची, हे तिने त्यांना नेहमीसारखं सांगितलं, आणि आम्ही घरी जायला निघालो.